उचलली जीभ

स्वान्झीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
कँटीनच्या तळणाचा वास येतो त्या खोलीत
नेरिस माझ्यासमोर आरसा धरते
आणि म्हणते, जीभ उचला. टाळूला लावा.

मला हसू येतं. हसलो की तोंड डावीकडे पळतं.
जन्मभर हेच तर केलं, बाई,
उचलली जीभ, लावली टाळ्याला.
तेव्हा शिव्या मिळाल्या.
आता ती वहीत बरोबरची खूण करते.

आरशात उजवी अर्धी माझी, गुलाबी, खडबडीत.
डावी अर्धी मनगटाची.
घड्याळाच्या पट्ट्याखालचं कातडं
त्याच्या शिरांसकट काढून आत शिवलंय.
तिला गोड कळत नाही, कढत कळत नाही.
पहिल्या महिन्यात तिच्यावर केस उगवले,
मनगटाला काय माहीत आपण कुठे राहायला आलोय.
मग किरणांनी केस गेले
आणि लाळही.

पूर्वी माझ्या तोंडात तीळ भिजत नसे.
मेव्हणीचं रजिस्टर लग्न, डेपोतल्या संपाची तारीख,
शेजारच्या ग्लिनला लागलेली छोटीशी लॉटरी,
सगळं माझ्यामुळे फुटलं.
यंदा संक्रांतीला मंजुळाने खरोखरचा एक तीळ
माझ्या जिभेवर ठेवला, उजवीकडे.
अर्ध्या तासाने तसाच निघाला, कोरडा.
दोघंही खूप हसलो.
मग ती उठून घासलेलीच भांडी घासत बसली.

नेरिसकडे प्लास्टिकचं तोंड आहे, बिजागरीचं.
ही पडजीभ. ही मऊ टाळू.
हा जिभेखालचा दोर, आरशात बघा, तुमचा शाबूत आहे.
मी विचारलं, जिभेला हाड नसतं ना?
आतलं नसतं, ती म्हणाली,
पण मुळाशी एक आहे, घोड्याच्या नालेसारखं,
दुसऱ्या कुठल्याच हाडाला न टेकलेलं.
जीभ त्याला बांधलेली असते.
साठ वर्षं मी ती म्हण
लोकांच्या तोंडावर फेकत आलो,
आणि हे हाड गळ्यात घेऊन हिंडत होतो.

गडहिंग्लजला नांगरे गुरुजी
स्वतःचा आ करून वर्णमाला शिकवायचे.
कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ.
त्यांच्या दाढेत चांदी होती, ती दिसायची.
क ख ग घ माझे अजून आहेत.
प फ ब भ म तर ओठांचे, त्यांना धक्का नाही.
ट ठ ड ढ पायरी चुकलेल्या माणसासारखे येतात.
आणि ह च्या पलीकडे, रांगेत मागे, ळ.
शेंडा मागे वळवायचा, मूर्धेला टेकवून पुढे झटकायचा.
चाळीस वर्षं ह्याच मनगटाने
बसच्या गॅरेजात पाने फिरवले.
इथे मात्र ते वळत नाही.

मंजुळाला मी मंजुला म्हणतो.
पहिल्यांदा म्हटलं तेव्हा
तिने मागे वळून पाहिलं, दारात कोण आलंय.

नेरिसला दोन्ही सारखेच ऐकू येतात.
तिच्या वहीत मला पैकीच्या पैकी.
मी हातवारे करून भांडलो, तेव्हा ती थांबली,
म्हणाली, माझ्या गावाच्या नावातही दोन ल शेजारी बसतात
आणि म्हणताना ते ल नसतातच.
जीभ दातांमागे ठेवायची
आणि कडेने वारा सोडायचा.
तिने करून दाखवलं.
ट्यूबला बारीक खिळा लागला की येतो तो आवाज.

तो मला पहिल्या झटक्यात आला.
कातड्याची बाजू पडून राहिली, वारा तिच्यावरून निघून गेला.
नेरिसने बाजूच्या खोलीतल्या बाईंना बोलावलं,
पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा.

परतीच्या बसवर पाटी होती, मंबल्स.
ह्या गावाचं मी केव्हाच पुटपुटगाव करून टाकलंय.
समुद्राला ओहोटी होती,
कडेने चिखल, दगड, हिरडीसारखे.

घरी मंजुळा माझ्यासाठी लाल भोपळा कुस्करत होती.
तिच्या नावात, ळ च्या जागी,
मी तो वारा घातला.
हे काय आता नवीन, ती म्हणाली,
पण मागे वळून पाहिलं नाही.